बुरशीवर रंग विकू नका, आधी पाणी शोधा



या आठवड्याच्या व्हिडिओत भिंतीवरच्या बुरशीबद्दल बोललो. त्यात एक किस्सा सांगायचा राहिला. तो माझ्या खिशाला लागलेला आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

नाशिकमध्ये रंगाचं दुकान टाकून दुसरंच वर्ष होतं. बीबीए झालेलं, टार्गेट आणि मार्जिन तोंडपाठ. दिवाळीआधी इंदिरानगरच्या एक काकू आल्या. "बेडरूमच्या भिंतीवर काळे ठिपके आलेत, काहीतरी चांगलं द्या." मी सगळ्यात महाग अँटीफंगल रंग दिला, पेंटरही पाठवला. दोन हात मारले, भिंत चकाचक!

पुढच्या जुलैत काकू मोबाईलवर फोटो घेऊन दुकानात हजर. तेच ठिपके, त्याच जागी. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाळा, तू भिंत बघायला आला होतास का रे?"

गेलो नव्हतो. मग गेलो. भिंतीपलीकडे बाथरूम होतं आणि टाइल्सचे सांधे उघडे पडले होते. पाणी तिथून मुरत होतं आणि मी इकडे रंग लावत होतो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! ते सगळं काम पदरचे पैसे घालून पुन्हा करून दिलं.

तुम्ही पेंटिंगची कामं घेणार असाल, तर हे डोक्यात पक्कं बसवा. बुरशीचे कण हवेत असतातच, ते कुणालाच बंद करता येत नाहीत. बंद करता येते ती ओल. रंगातलं औषध बुरशी काही काळ लांब ठेवतं, पाणी थांबवत नाही.

साइटवर गेल्यावर हे करा

१. डाग ओळखा. पांढरी भुकटी पाण्याने पुसल्यावर गेली, तर तो लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार. काळ्या-हिरवट डागावर ब्लीचचा एक थेंब टाका. दोन-तीन मिनिटांत फिका पडला तर बुरशी, तसाच राहिला तर मळ किंवा काजळी.

२. पाणी कुठून येतंय ते शोधा. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि २४ तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. मग गच्ची, पावसाळी पाइप, बाथरूम, खिडकीचा छज्जा तपासा. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून जास्त, ती भिंत आधी बघा. थेंब खोलीकडच्या बाजूला आले तर दोष कोंडलेल्या हवेचा: खोलीत वाळत घातलेले कपडे, भिंतीला चिकटलेलं कपाट. कपाट वीतभर पुढे ओढा, खिडकी उघडा. जमिनीलगतची ओल वेगळी. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गोदाकाठच्या घरांत पाणी शिरलं होतं. अशी भिजलेली भिंत वाळायला महिने लागतात.

३. साफ करा. कोरडं खरवडू नका, कण घरभर उडतात. एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी लावा, १५ मिनिटांनी पुसा, साध्या पाण्याने धुवा. हातमोजे, मास्क, चष्मा हवाच आणि खिडक्या उघड्या. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. पोरगा कामाला ठेवलाय म्हणून त्याला हे न सांगता पाठवू नका.

४. वाळू द्या. मगच पुट्टी, प्रायमर, रंग. कस्टमर म्हणेल, "दिवाळी तोंडावर आलीय, उरकून टाका." इथेच धंद्याची परीक्षा असते. भिंत ओली असेल तर स्पष्ट नाही म्हणा.

यात कमाई कुठे?

पाहणीत. आता मी भिंत बघायची फी घेतो आणि काम मिळालं तर बिलातून वजा करतो. जुलै-ऑगस्टमध्ये गळती दिसते तेव्हा पाहणी, पाऊस उघडल्यावर दुरुस्ती, भिंत वाळली की रंग. दिवाळीची धावपळ तीन टप्प्यांत वाटली जाते.

आणि काकू? त्यांनी पुढे त्यांच्याच बिल्डिंगमधली दोन कामं दिली. दोन्ही ठिकाणी आधी मी भिंत बघायला गेलो.

या पावसाळ्यात सुरुवात स्वतःच्या घरापासून करा. कपाट ओढा, मागे बघा. पहिली प्रॅक्टिस तिथेच होईल!