छंदाला देवाची तारीख

आवडीने जोपासलेल्या कलेला मराठीत ‘छंद’ म्हणतात आणि कवितेच्या मापालाही छंदच म्हणतात. एखाद्या गोष्टीने माणसाला झपाटले की तिचा ‘नाद’ लागला असे आपण म्हणतो. नाद म्हणजे मुळात ध्वनी. भाषेने ही जुळणी ठरवून केली नसेलही, पण गोमंतकातील एखाद्या भजनी मंडळाकडे पाहिले की हे सगळे अर्थ एकाच सभामंडपात नांदताना दिसतात. दिवसभर दुकान, कचेरी, कुळागर किंवा टॅक्सी सांभाळणारा माणूस रात्री जेवण आटोपून देवळात येतो, पखवाज पुढे ओढतो, कणीक लावून त्याचा आवाज जुळवतो आणि पुढले दोन तास आठ मात्रांच्या आवर्तनात हरवून जातो. त्याला त्याचे मानधन मिळत नाही, आणि ते मिळावे अशी त्याची अपेक्षाही नसते. तो त्याला ‘सेवा’ म्हणतो.

हौसेने सुरू केलेल्या बहुतेक कला वर्षा-दोन वर्षांत मागे पडतात, हा सर्वांच्या ओळखीचा अनुभव. मुलाच्या हट्टापायी घेतलेली पेटी कपाटावर जाते, रंगांच्या नळ्या सुकतात. मग शेजारच्या घरातला साठी उलटलेला गृहस्थ दर एकादशीला टाळ घेऊन कसा निघतो? त्याची चिकाटी इतरांहून मोठी असेलच असे नाही. त्याच्या छंदाला देवाने तारीख दिलेली आहे, एवढा एक फरक त्याच्या बाजूने आहे. श्रावणातला सप्ताह, भाद्रपदातली चवथ, गावच्या देवाची जत्रा, पौषातले धालो हे सारे दिवस माणसाच्या उत्साहाची वाट पाहत थांबत नाहीत. ते येतातच, आणि येण्यापूर्वी चार दिवस हात वाद्यावर फिरवावाच लागतो.

वास्कोतील श्री दामोदर भजनी सप्ताह हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरात साथ पसरली असता लोकांनी जांबावलीच्या श्री दामोदराला साकडे घातले, तेथून प्रसादाचा नारळ आणून अखंड भजन केले आणि साथ ओसरली, असे परंपरा सांगते. तेव्हापासून नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी देवासमोर नारळ ठेवून भजनाला आरंभ होतो आणि आदल्या वर्षीचा नारळ समुद्रात विसर्जित केला जातो. नावात सप्ताह असला तरी भजन चोवीस तासांचे. एवढा वेळ ते खंडू द्यायचे नाही, म्हणून मंडळांच्या पाळ्या लागतात. रात्री बारा-एकला गाणारे मंडळ मिळणे सोपे. पहाटे साडेतीन-चारच्या पाळीला, बाहेर पाऊस कोसळत असताना, गळा सांभाळून बसणारी माणसे लागतात. त्या पाळीला श्रोते थोडे असतात. गाणारे मात्र सांगतात की खरे भजन त्याच वेळी रंगते.

असे का व्हावे, याचे उत्तर भजनाच्या रचनेत सापडते. मुख्य गायक अभंगाचा चरण म्हणतो, मंडळी तो उचलतात, पुन्हा गायक, पुन्हा मंडळी. प्रत्येक फेरीला लय थोडी चढते, टाळांचा ठोका दाट होतो, पखवाज उसळू लागतो आणि एका क्षणी कोणाचा आवाज कोणता हे वेगळे काढता येत नाही. मग सम येते, सारे थांबते आणि पुढचा चरण पुन्हा संथ लयीत सुरू होतो. एकट्याने रियाज करताना स्वतःचा आवाज सतत स्वतःला ऐकू येत राहतो आणि त्यातल्या खोडीही. चढत्या लयीत तो बुडतो. ज्याला आध्यात्मिक अनुभव म्हणावे त्याची ही अगदी साधी, रोजच्या वापरातली पायरी आहे. तिच्यासाठी गाणे उत्तम यावे लागत नाही, तालात असावे लागते.

संतपरंपरेने कामाला पूजेचे स्थान दिले, हे आपण शाळेपासून ऐकतो. सावता माळ्याने मळ्यात विठ्ठल पाहिला, गोरोबा काकांनी माती तुडवताना नाम घेतले, आणि ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात स्वकर्मालाच पूजेच्या फुलांची उपमा आहे. पण हे सारे उदरनिर्वाहाच्या कामाविषयी झाले. छंद म्हणजे पोटाचे काम संपल्यावर उरलेला वेळ. तो उरतो थोडा, आणि त्यावर कोणाचा हक्क नसतो. म्हणूनच तो देवापुढे ठेवण्याला वेगळे मोल आहे.

चतुर्थीच्या दिवसांत हे घराघरांत पाहायला मिळते. गणपतीच्या डोक्यावर टांगायची माटोळी म्हणजे लाकडी चौकट आणि तिला बांधलेली रानाची संपत्ती: कांगलां, कवंडळ, घागऱ्यो, माट्टीची फळे, आंबाडे, तोरींजन, सुपारीचे शिपटे, नारळाची पेंड, चिबूड, शेरवडाची पांढरी पाने. यातले बरेचसे खाण्याच्या उपयोगाचे नाही. कोणती वेल कोणत्या डोंगराच्या उतारावर आहे, ती कधी फळते, कोणते फळ तोडल्यावर दुसऱ्याच दिवशी काळे पडते, हे ज्याला ठाऊक तोच माटोळी बांधू शकतो. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. आजोबांबरोबर रानात गेलेल्या नातवाकडे ते येते. फोंडा, म्हापसा येथील माटोळीच्या बाजारातून सगळे आयते घेता येते आणि शहरातल्या सदनिकेत राहणाऱ्याला दुसरा मार्गही नाही. तरीही आयते घेतलेले बांधणे आणि रानातून शोधून आणलेले बांधणे यांतला फरक बांधणाऱ्याला कळतो.

राज्याच्या कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेने या कलेला नवे वळण दिले. फळाफुलांतून वाद्ये, देवादिकांच्या आकृती, पौराणिक प्रसंग साकारणारी घरे आता तालुक्याबाहेरही प्रसिद्ध आहेत. यात कल्पकता आहे हे नाकारता येणार नाही. मात्र चित्र उभारण्यासाठी रान ओरबाडले जाऊ लागले, तर पुढच्या भाद्रपदात बांधायला काय उरेल, ही चिंता रास्त आहे. जुन्या माणसांचा दंडक साधा होता: लागेल तेवढेच तोडायचे, वेल मुळासकट उपटायची नाही.

आणि इतके कष्ट कशासाठी? दीड दिवसांसाठी, पाचांसाठी, फार तर अकरांसाठी. चित्रशाळेत चिकणमातीतून घडलेली, डोळ्यांच्या रेखणीपाशी कारागिराने श्वास रोखून धरलेली मूर्ती पाण्यात विरघळते, माटोळी उतरते, दारातली रांगोळी पुसली जाते. भजन तर उच्चारता क्षणीच हवेत विरते. टिकावी म्हणून ही कला केलेलीच नसते. जो माणूस वर्षानुवर्षे हातची सुंदर गोष्ट स्वतःच पाण्यात सोडून घरी परततो, त्याला ‘माझे’ या शब्दाविषयी काही वेगळे उमगत असले पाहिजे.

घुमटाची गोष्ट थोडी निराळी. दोन तोंडांचे हे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले, धाकटे तोंड उघडे. एका हाताची बोटे चामड्यावर वाजतात आणि दुसरा तळवा उघड्या तोंडावर झाकत-उघडत नादाला खोली देतो. शामेळ आणि कासाळे यांच्या साथीने घुमट आरती रंगते. हेच घुमट ख्रिस्ती घरांत मांडोलाही साथ करते, हे अनेकदा विसरले जाते. पूर्वी त्यावर घोरपडीचे चामडे लागे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि वादकांपुढे पेच उभा राहिला. बकरीच्या चामड्याने तो सुटला, पण तोच नाद निघतो की नाही यावर जुन्या वादकांचा वाद अजून मिटलेला नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला. मान मिळाला हे चांगलेच. वाद्य जिवंत राहते ते मात्र चवथीला दहा घरांत आरतीला जाणाऱ्या पोरांमुळे.

छंद आयुष्यभर टिकवा, असे सांगणे पुरुषांना सोपे जाते. बाईच्या बाबतीत माहेरी शिकलेले गाणे लग्नानंतर थांबते, मुले मोठी होईपर्यंत वीस वर्षे जातात आणि मग पन्नाशीला गळा पुन्हा उघडायचा असतो. परंपरेने तिच्यासाठी धालो आणि फुगडी राखून ठेवली होती. पौषातल्या रात्री मांडावर समोरासमोर दोन रांगा करून बायका गातात, तेव्हा त्या अंगणाला देवस्थानाचे पावित्र्य येते आणि घरातल्या कामाच्या हाका तिथे पोहोचत नाहीत. देवळातले भजन मात्र दीर्घकाळ पुरुषांचेच राहिले. ते चित्र बदलले असून कला अकादमीच्या मनोहरबुवा शिरगावकर स्मृती भजन स्पर्धेत महिला आणि बाल मंडळांना स्वतंत्र विभाग आहेत. स्पर्धेमुळे भजनाला शिस्त आली, पेटी-पखवाजाचा दर्जा उंचावला. घड्याळाकडे डोळा ठेवून गायलेल्या गजरात पहाटेच्या पाळीचा मोकळेपणा येत नाही, हेही खरे. जाणती मंडळे दोन्ही सांभाळतात: स्पर्धेला स्पर्धेसारखे गातात, देवळात देवळासारखे.

वय झाले की गळा बसतो, बोटे आखडतात. एकल कलाकाराला हा काळ जड जातो. भजनी मंडळात याची सोय परंपरेनेच करून ठेवली आहे. लहान मूल प्रथम झांज हातात धरते, पुढे पखवाजावर किंवा पेटीवर बसते, तयारी झाली की मुख्य गायक होते, आणि आवाज थकला की पुन्हा टाळ घेऊन कडेला बसते. सुरुवात आणि शेवट एकाच वाद्यावर. पखवाजाची पाळी तरुणाकडे देऊन टाळ उचललेला म्हातारा मंडळाबाहेर जात नाही. चुकलेला अभंग मधेच सावरून देण्यासाठी आणि कोणत्या चालीवर कोणता चरण बसतो हे सांगण्यासाठी त्याच्याकडेच पाहिले जाते.

निवृत्तीनंतर काहीतरी शिकावे म्हणणाऱ्यांना गावोगावची मंडळे सहसा परत पाठवत नाहीत. त्यांनाही आधी टाळच मिळतो, आणि आठ मात्रा अंगात मुरायला एक श्रावण पुरतो. पखवाज मात्र बोटे लवचीक असतानाच हाती घेतलेला बरा.