भाम ते मंदर : भोसल्यांच्या घरातली पहिली यादवी नेमकी कुठे पेटली?

नागपूरकर भोसल्यांचा इतिहास नागपुरात सुरू होत नाही. तो आजच्या यवतमाळ जिल्ह्यात, यवतमाळ शहराच्या दक्षिणेला असलेल्या भाम या गावी सुरू होतो. अठराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत सेनासाहेब सुभा कान्होजी भोसले यांचे ठाणे इथे होते. याच भामवर त्यांचे चुलत पुतणे रघूजी फौज घेऊन चालून आले. कान्होजी तिथून निसटले, पण वणीजवळच्या मंदर गावी गाठले गेले आणि कैद होऊन साताऱ्याला रवाना झाले. पुढे बंगालपर्यंत घोडी नेणाऱ्या घराण्याची सत्ता अशी रक्ताच्या नात्यातल्या लढाईतून उभी राहिली. लढाई कशी संपली याबद्दल फारसा वाद नाही. ती सुरू कशामुळे झाली हे मात्र आपण कोणता कागद आधी उघडतो यावर ठरत आले आहे.

मूळ पुरुष परसोजी भोसले. १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटलेले शाहू महाराज खानदेशात आले तेव्हा त्यांना येऊन मिळालेल्या पहिल्या मातब्बर सरदारांत परसोजी होते. सेनासाहेब सुभा हा किताब आणि वऱ्हाडकडची वसुली त्यांना मिळाली. त्यांच्यामागे किताब मुलाकडे, कान्होजींकडे आला. परसोजींचे भाऊ बापूजी, त्यांचे चिरंजीव बिंबाजी आणि बिंबाजींचे रघूजी. नात्याने कान्होजी हे रघूजींचे चुलत चुलते. लहानपणी बाप गेलेले रघूजी त्यांच्याच पदरी भामला वाढले.

इथून पुढची हकीकत लोकांच्या तोंडी आहे ती बखरीतली. कान्होजींना पोटचे मूल नव्हते, तोवर रघूजींवर लोभ होता. उतारवयात रायाजी जन्मले आणि घरातले वारे फिरले. रघूजी थोडे स्वार घेऊन बाहेर पडले, काही काळ देवगडच्या गोंड राजाकडे, काही काळ एलिचपूरच्या नवाबाकडे राहिले आणि शेवटी साताऱ्याला शाहू महाराजांच्या पायाशी गेले. शिकारीत महाराजांवर चालून आलेला वाघ त्यांनी मारला, मर्जी संपादली, राजघराण्याशी शिर्क्यांकडून सोयरीक जुळली. या कथेत यादवीचा आरंभ पाळण्याशी होतो.

कथा अगदीच टाकाऊ नाही. वारसाची आशा संपलेला तरुण भाऊबंद दुसऱ्याच्या चाकरीला जातो, हे त्या काळात वारंवार घडलेले आहे. पण ही बखर कधी लिहिली गेली ते पाहिले पाहिजे. नागपूरकर भोसल्यांची बखर काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी लिहिली ती नागपूरचे रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांच्या अमदानीत, भामच्या लढाईला जवळजवळ नव्वद वर्षे होऊन गेल्यावर. लिहिणाऱ्याचे घराणे भोसल्यांच्या चाकरीतले, आणि गादीवर वंश रघूजींचा. विजयी शाखेच्या दरबारात जपलेली आठवण विजयी पुरुषाला अन्यायाने घराबाहेर पडलेला नायक करणार, हे ओघानेच येते. कान्होजींची बाजू सांगणारी बखर कोणी लिहिली नाही.

म्हणून शोध घेणाऱ्याला बखर बाजूला ठेवून साताऱ्या-पुण्याच्या दफ्तरांकडे वळावे लागते. तिथे पाळण्याचा उल्लेख नसतो, तिथे असतो तो हिशेब. १७१९ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. वसुली सरदारांनी करायची आणि ठरलेला वाटा छत्रपतींच्या खजिन्यात भरायचा, अशी ही व्यवस्था होती. कान्होजी हिशेब वेळेवर देईनात आणि सरकारचा ऐवजही भरीनात, ही साताऱ्याची मुख्य तक्रार. १७२५ मध्ये ते साताऱ्यात असताना बोलणे विकोपाला गेले आणि ते निरोपाची वाट न पाहता दरबारातून निघून गेले. बखरीतल्या रुसव्यापेक्षा हा प्रसंग मोठा आहे, कारण इथे भांडण दोन नातलगांमधले नव्हते, छत्रपती आणि सेनासाहेब सुभा यांच्यातले होते. रघूजी अजून या भांडणात उतरलेलेही नव्हते.

या दफ्तरांतल्या पत्रांचा काळ ठरवणे हेच निम्मे काम असते. मोडीतल्या पत्राच्या शेवटी बहुधा चंद्र आणि मुसलमानी महिना एवढेच असते, वर्ष नसते. असलेच तर ते सुहूर सनात, अरबी शब्दांत. समजा ‘सीत अशरीन मया व अलफ’ असे लिहिले आहे. सीत म्हणजे सहा, अशरीन वीस, मया शंभर, अलफ हजार, बेरीज ११२६. हे साल मृग नक्षत्राला बदलते. त्यामुळे पत्र मृगानंतरचे पण डिसेंबरच्या आतले असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारीनंतरचे असेल तर ६००. म्हणजे हे साल १७२५-२६. यात एका वर्षाची चूक झाली तरी कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते : सरदार आधी बिथरला की सनद आधी निघाली, याचे उत्तर उलटे येते. गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० नंतर छापले गेले. त्यांतला विसावा खंड नागपूरकर भोसल्यांचा. १९३४ मध्ये यादव माधव काळे यांनी ‘नागपूरकर भोसल्यांचा इतिहास’ लिहिला. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचल्याशिवाय बखरीतल्या कोणत्याही सालावर भार टाकू नये.

तिसरा आरंभ साताऱ्यातही नाही, तो वऱ्हाडच्या काळ्या मातीत आहे. १ ऑक्टोबर १७२४ रोजी आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्काने मुबारीझखानाचा पराभव केला आणि दख्खनचा तो व्यवहारात स्वतंत्र धनी झाला. त्यानंतर वऱ्हाडात दोअंमल रुजला. एकाच गावातून निजामाचा अंमलदार महसूल नेई आणि मराठ्यांचा कमाविसदार चौथाई आणि घासदाणा, म्हणजे फौजेच्या वैरणदाण्याची पट्टी. अशा मुलखातल्या सरदाराला साताऱ्याशी बिनसले तरी जायला दुसरे दार उघडे असे. निजामाने हे दार मुद्दाम उघडे ठेवले. शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी यांतले खरे छत्रपती कोण हे ठरेपर्यंत चौथाई कोणाला द्यायची, असा सवाल टाकून त्याने वसुली अडवली. पालखेडला २८ फेब्रुवारी १७२८ रोजी पेशवे बाजीरावांनी त्याला कोंडले आणि मार्चमध्ये मुंगी शेवगावच्या तहाने तो सवाल तात्पुरता मिटवला. कान्होजी १७२५ नंतर निजामाच्या आधाराची वाट पाहत होते, हे ध्यानात घेतले की पालखेडनंतरच रघूजींच्या हाती किताब आणि फौज का पडली ते उलगडते. निजाम नमल्यावर कान्होजी एकटे पडले होते.

रघूजींकडून साताऱ्याने काय लिहून घेतले त्याचा तपशील ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात आहे. पाच हजार स्वार सरकारचाकरीला ठेवणे, वर्षाला नऊ लाख रुपये भरणे, घासदाणा सोडून खंडणी व लुटीचा निम्मा वाटा देणे आणि हुकूम होताच दहा हजार स्वार उभे करणे. या करारातले प्रत्येक कलम कान्होजींवरच्या तक्रारीचे उत्तर वाटते. कान्होजी ज्या कारणाने नकोसे झाले, तीच कारणे नव्या माणसाच्या अटी होऊन आली. यादवीचे मूळ शोधणाऱ्याला याहून बोलका कागद मिळणे कठीण. लढाईची तारीख मात्र निरनिराळ्या ग्रंथांत मागेपुढे होते. ती साधारण १७३०-३१ च्या सुमाराची. १ एप्रिल १७३१ रोजी डभईला बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांच्यात लढाई होऊन दाभाडे पडले, तो प्रसंगही याच सुमाराचा, आणि त्याही भांडणात निजामाचा हात होता. भाम आणि डभई वेगवेगळ्या प्रकरणांत वाचण्याची सवय सोडली तर एकाच आजाराची ही दोन लक्षणे दिसतात.

ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने अथेन्स आणि स्पार्टा यांच्या युद्धाबद्दल लिहिताना उघड सांगितली जाणारी तक्रार आणि खरे कारण वेगळे काढले होते. भामच्या बाबतीतही रायाजींचा जन्म, हिशेबाची थकबाकी आणि निजामाचे राजकारण यांना एका ओळीत बसवून चालत नाही. जन्मामुळे रघूजी घराबाहेर पडले, पण तेवढ्याने लढाई झाली नसती. निजामामुळे कान्होजींना हट्ट धरता आला, पण तो हट्ट होता वसुलीतल्या वाट्यासाठी. म्हणून आरंभाचा खांब रोवायचा तर १७२५ च्या साताऱ्यातल्या त्या बोलाचालीपाशी रोवावा लागतो.

याच घराण्यात पुढे पुन्हा यादवी झाली आणि तिचे कागद जास्त शिल्लक असल्याने ती ताडून पाहण्यास उपयोगी पडते. जानोजी भोसले १७७२ मध्ये निपुत्रिक वारले. त्यांनी धाकटे भाऊ मुधोजी यांचा मुलगा रघूजी याला दत्तक घेण्याचे ठरवले होते. दुसरे भाऊ साबाजी यांनी जानोजींच्या पत्नी दर्याबाईंच्या पाठबळाने हक्क सांगितला. वरवर पाहता पुन्हा वारसाचाच तंटा. पण साबाजींच्या मागे पुण्याचे कारभारी आणि निजाम, मुधोजींच्या मागे पेशवेपदासाठी झगडणारे रघुनाथराव. पुण्यातल्या फळ्या जशा बदलल्या तशी वऱ्हाडातली लढाई भडकत गेली. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगावला मुधोजींनी हत्तीवरून झाडलेल्या पिस्तुलाच्या गोळीने साबाजी ठार झाले आणि तंटा संपला.

भामविषयी शोध घेणाऱ्याने एक गोष्ट आधीच लक्षात ठेवलेली बरी. १९०५ पर्यंत या जिल्ह्याचे नाव वणी होते. आल्फ्रेड लायल यांच्या १८७० च्या वऱ्हाड गॅझेटिअरात यवतमाळ जिल्हा शोधून सापडत नाही. भाम आणि मंदर दोन्ही त्या जुन्या नावाखाली पाहावी लागतात. जुन्या गॅझेटिअरांत भामच्या पडक्या दगडी इमारतींची नोंद आहे. देवगडच्या गोंड राज्यातल्या वारसाच्या भांडणात हात घालून रघूजींनी नागपूर मिळवले आणि ठाणे तिकडे हलले. कान्होजींचे उरलेले आयुष्य साताऱ्याच्या कैदेत गेले.