हातपंप कुठं बसवायचा?

आमच्या जवळा बाजारात आशाताई दारात आली की तिला बस म्हणावं लागत नाही. ती आपणच ओट्यावर टेकते, पिशवीतून वही काढते आणि आत बघून विचारते, "सूनबाई, गोळ्या सरल्या का गं?" गावातलीच सून, घर दोन गल्ल्या पलीकडं. हे इतकं अंगवळणी पडलंय, की यामागं कुणाचे तरी कष्ट असतील हे ध्यानातही येत नाही. ते बघायला बीड जिल्ह्याच्या शिवेला लागून असलेल्या जामखेडला जावं लागतं, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांच्या गावी.

रजनीकांत १९३४ साली नगर जिल्ह्यात जन्मले, मेबल मूळच्या जबलपूरच्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दोघं शिकले, १९६० साली लग्न केलं आणि नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात रुजू झाले. तिथं एक गोष्ट त्यांना छळत राहिली. हगवणीनं सुकलेलं पोर बरं करून घरी धाडावं, तर थोड्याच दिवसांत तेच पोर त्याच गढूळ पाण्यापायी पुन्हा दारात. शिवाय दवाखान्यापर्यंत जे पोचतच नव्हते, त्यांचं काय? पुढं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्ल टेलर यांच्याकडं सार्वजनिक आरोग्य शिकताना दोघांनी जामखेडच्या कामाचा आराखडा आखला. १९७० साली ते परतले आणि गुरांच्या जुन्या दवाखान्यात माणसांचा दवाखाना सुरू झाला.

त्या भागात तेव्हा जन्मलेल्या हजार बाळांतली १७६ वर्षाच्या आत जात. कारणं घरोघरी होती. बाळंतिणीचा चीक पिळून टाकायचा. गरोदर बाईनं पोटभर खाल्लं तर बाळाला जागा उरत नाही म्हणून तिला अर्धपोटी ठेवायचं. पोराला हगवण लागली की पाणीच तोडायचं, आणि टाळू खोल गेली की देवऋषी गाठायचा. यातल्या बऱ्याचशा गोष्टींना डॉक्टर लागत नव्हता. लागत होतं ते विश्वासाचं माणूस. आधी नर्सबाई नेमून पाहिल्या, पण शहरातून आलेल्या बाईला खेड्यात मुक्काम जड जाई आणि गावाला तिचं बोलणं परकं वाटे. मग गावानंच आपल्यातली बाई निवडावी असं ठरलं. निवडल्या गेल्या त्यांतल्या पुष्कळ जणी अक्षरओळख नसलेल्या, कितीतरी दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, मुक्काम करत, एका पंगतीला बसत. सुरक्षित बाळंतपण, लसी, कुष्ठरोगाचा पहिला चट्टा कसा ओळखायचा, लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे सगळं तिथं शिकत. ज्यांच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, त्यांच्याच हाती गावानं आपली बाळंतपणं दिली. पाचच वर्षांत १७६ चा आकडा ५२ वर आला.

मला मात्र आकड्यांहून १९७२ च्या दुष्काळातली हातपंपांची गोष्ट मोठी वाटते. गावोगाव बोअर घ्यायचे होते. पाणी कुठं लागतंय हे शोधायचं काम डॉक्टरांनी मुद्दामच दलितवस्तीत करायला सांगितलं. पंप तिथं बसला की सवर्णांना घागर घेऊन तिथंच यावं लागणार! भाषण नाही, भांडण नाही. आरोग्य आणि जात या दोन वेगळ्या फायली आहेत असं मानणाऱ्या प्रत्येकानं ही जागेची निवड नीट बघावी. हगवण थांबवणारं पाणी कुणाच्या दारी आहे, यावर कुणाचं पोर जगतं हे ठरत असतं. पुरुषांनाही त्यांनी असंच ओढलं. तरुणांना आधी व्हॉलीबॉल दिला. खेळाला सगळ्या जातींची पोरं आली आणि खेळ संपल्यावर शेतीच्या, मग आरोग्याच्या गप्पा सुरू झाल्या. त्यातून तरुण शेतकरी मंडळं उभी राहिली, बायकांची महिला मंडळं झाली.

जामखेडची ही कथा १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात आली. १९७८ साली अल्मा-आटाच्या परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' हा शब्द जगानं उचलला, तेव्हा ज्या मोजक्या ठिकाणांचे दाखले समोर होते त्यांत जामखेड होतं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ साली गेल्या, रजनीकांत २५ मे २०११ रोजी.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आली. त्यामागं जामखेड होतं, गडचिरोलीत बंग दांपत्यानं घरातल्या नवजात बाळांवर केलेलं कामही होतं. पण वाटेत काही सांडलं. हजार वस्तीमागं एक आशा ठरली आणि तिला आठवीची अट लागली. जामखेडच्या पहिल्या फळीतल्या बहुतेक जणी त्या अटीत बसल्याच नसत्या. आरोळ्यांच्या बाईला गाव निवडायचं आणि ती गावाला जाब द्यायची. आशाताईला मात्र वरून येणाऱ्या तक्त्यांना जाब द्यावा लागतो. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२४ च्या जानेवारीत राज्यभरच्या आशांना संपावर जावं लागलं, हे आपल्यासारख्या त्यांच्या हाकेवर लस टोचून घेणाऱ्या गावांना लागायला हवं होतं. मला ते लागलं.

तरी त्या फिरतात. हळद काढायच्या दिवसांत घरात कुणी सापडत नाही म्हणून आमची आशाताई भल्या सकाळीच गल्लीत येते. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या घरात बाळाला हगवण लागली, तेव्हा आजीनं सवयीनं पाण्याचा तांब्या बाजूला सारला होता. आशाताईनं तो परत ओढला आणि साखर-मीठ आजीच्याच हातानं कालवून घेतलं. परवा पलीकडच्या वाड्यात तान्ह्याला जुलाब झाले. निरोप आशाताईला गेला, पण ती यायच्या आत आजी चमचा घेऊन तिथं पोचली होती.