थोरल्याने वाटे पाडावे, धाकट्याने निवडावे

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. यंदा दिवाळीत वडील व काका शेताच्या वाटणीचे बोलू लागले, तेव्हा मी युरोपचा इतिहास वाचीत होतो. योगायोग असा, की त्या पानावरही दोन भावांची वाटणीच चालली होती!

हे भाऊ म्हणजे जर्मनीतील सॅक्सनीच्या वेट्टिन घराण्यातले अर्न्स्ट (जन्म १४४१) आणि आल्ब्रेख्त (जन्म १४४३). वडिलांच्या मुलुखावर सर्व मुलांचा हक्क, ही तेथील सरदार घराण्यांची जुनी चाल. अपवाद इलेक्टरच्या, म्हणजे सम्राट निवडणाऱ्या राजाच्या, गादीचा. ती व तिची भूमी थोरल्याकडेच जावी, असे १३५६ च्या सुवर्णसनदेने ठरविले होते.

यांच्या वडिलांत आणि चुलत्यात वाटणीवरून १४४६ ते १४५१ युद्ध झाले. त्यात नुकसान सोसलेल्या एका सरदाराने भरपाईसाठी १४५५ मध्ये या दोन्ही मुलांना आल्टेनबुर्गच्या किल्ल्यातून पळविले. सुदैवाने ती सुटली. थोरांच्या भांडणाची झळ लेकरांना बसते ती अशी.

१४६४ मध्ये वडील वारल्यावर भावांनी एकवीस वर्षे एकत्र कारभार केला. १४८२ मध्ये निपुत्रिक चुलत्याचा थुरिंगियाही त्यांना मिळाला. अखेर १४८५ मध्ये लाइपझिगला वाटणी झाली. थोरल्या अर्न्स्टने वाटे पाडले, आल्ब्रेख्तने निवडले. वाटे पाडणाऱ्याला निवड नसली, की तो कोणत्याच वाट्याला झुकते माप देत नाही. आल्ब्रेख्तने माइसेनचा वाटा घेतला. इलेक्टरपद अर्न्स्टकडे राहिले. श्नेबेर्गच्या चांदीच्या खाणी मात्र सामाईक ठेवल्या.

पुढच्याच वर्षी अर्न्स्ट वारला. १४९९ मध्ये आल्ब्रेख्तने आपला सॅक्सनीतील मुलूख न तोडता थोरल्या मुलाला देण्याची व्यवस्था केली. तरी तंटा टळला नाही. १५४७ मध्ये आल्ब्रेख्तचा नातू मोरित्स सम्राटाच्या बाजूने उभा राहिला आणि अर्न्स्टच्या नातवाचे इलेक्टरपद त्याच्याकडे आले. वाटणी चोख होती. पुढच्या पिढ्यांचा सलोखा मात्र तिने राखला नाही.

मी ही हकीकत घरी सांगितली. काका म्हणाले, "दादाने वाटे पाडावे, मी निवडीन. विहीर तेवढी सामाईक ठेवू."

विहिरीच्या पाळ्या कागदावर लिहून ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्या कागदाखाली माझ्या चुलतभावाचीही सही घ्यायची, असे मी ठरविले आहे.