ओसरीवरचा पाहुणा माजघरात नको!

व्हिडिओत बोर्डावर जे काढून दाखवलं, ते इथे सावकाश वाचा.

कुळगावात माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. सुरुवातीला दोन कॉम्प्युटर होते. एकावर गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हवरून प्रिंट काढायचो, दुसऱ्यावर बिलं आणि उधारी. फाइल पटकन इकडून तिकडे जावी म्हणून बिलिंगचा अख्खा डी ड्राइव्ह शेअर करून ठेवला होता. हुशारी वाटली होती तेव्हा!

एका सकाळी बघतो तर बिलिंगची एकही फाइल उघडेना, स्क्रीनवर पैशांची मागणी. रॅन्समवेअर. कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून काउंटरवर आला आणि शेअर केलेल्या ड्राइव्हमधून थेट हिशेबात शिरला. बॅकअप तीन महिने जुना. मग एकेका गिऱ्हाइकाला विचारत फिरलो, "तुमच्याकडे किती बाकी आहे हो?" बहुतेकांनी खरं सांगितलं. सगळ्यांनी नाही.

जुन्या घरांत आल्यागेल्याला ओसरीवर बसवायचे. चहापाणी तिथेच. माजघरात फक्त घरचे. माझ्या दुकानात ओसरी आणि माजघर एकच झालं होतं.

मोठ्या कंपन्या हीच ओसरी नेटवर्कमध्ये बांधतात. तिला डीएमझेड म्हणतात. हे नाव आलं दोन कोरियांमधल्या, १९५३ च्या युद्धविरामानंतर आखलेल्या सुमारे ४ किलोमीटर रुंद सैन्यमुक्त पट्ट्यावरून. वेबसाइट, ईमेल असे लोकांसाठी उघडे सर्व्हर या पट्ट्यात राहतात. फायरवॉलचा नियम साधा: बाहेरचा माणूस ओसरीपर्यंत येईल, घरचा माणूस ओसरीवर जाईल, पण ओसरीवरून कुणी आपणहून आत येणार नाही. ओसरीवरचं मशीन हॅक झालं तरी हिशेब वाचतो.

पण नुसती भिंत पुरत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममधून पैसे काढताना 'द्या' किंवा 'देऊ नका' हे उत्तर ज्या स्विचमार्फत येतं, त्याच्या जागी हल्लेखोरांनी बनावट स्विच उभा केला. तो खात्यांच्या नोंदींना न विचारताच 'द्या' म्हणत राहिला आणि २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. मूळ कोअर बँकिंगला धक्का लागला नाही, असं बँकेने सांगितलं. म्हणजे माजघर शाबूत, पण ओसरीवरून कुणीतरी घरमालकाच्या आवाजात बोलत होतं. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या 'पेमेंट सक्सेसफुल'वर न विसंबता आपल्या खात्यात पैसे आले का बघतो ना? तसंच.

आता तुमच्या दुकानात काय कराल?

१. वेबसाइट दुकानातल्या कॉम्प्युटरवर ठेवू नका. होस्टिंग विकत घ्या.

२. राउटरमध्ये गेस्ट वायफाय चालू करा. गिऱ्हाइकांचे मोबाइल, स्मार्ट टीव्ही त्यावर. गेस्टला आतलं नेटवर्क दिसू देणारा पर्याय बंद.

३. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचा कंपनीचा पासवर्ड आजच बदला. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर ताब्यात घेतले होते. लोकलमधून मोबाइलवर दुकान बघायला पोर्ट फॉरवर्डिंग केलं असेल तर ते काढून टाका, व्हीपीएन वापरा.

४. घरगुती राउटरमधल्या 'डीएमझेड' बटणाला भुलू नका. बहुतेक राउटरमध्ये ते एक मशीन पूर्ण इंटरनेटला उघडं करतं, पण ते मशीन राहतं तुमच्याच नेटवर्कमध्ये. म्हणजे भिंत नाहीच, दार मात्र सताड उघडं!

५. सेवा बाहेर, हिशेब आत, हे स्वस्तात करायचं तर दुसरा राउटर घ्या. इंटरनेटची वायर पहिल्या राउटरला. काउंटरचा कॉम्प्युटर, डीव्हीआर त्यालाच. दुसऱ्या राउटरचा वॅन पोर्ट पहिल्याला जोडा आणि बिलिंग दुसऱ्यामागे ठेवा. उलटं जोडलंत तर काउंटरवरून बिलिंगपर्यंत रस्ता मोकळाच राहील.

आणि बॅकअप? रोज रात्री एक्स्टर्नल ड्राइव्हवर. झाला की वायर काढून कपाटात. लावून ठेवलेला ड्राइव्हही रॅन्समवेअर सोडत नाही.

आजचा गृहपाठ: शटर ओढण्याआधी काउंटरच्या कॉम्प्युटरवर बसा आणि तिथून बिलिंगची एखादी फाइल उघडून बघा. उघडली, तर उद्या दुकान उघडण्याआधी पहिलं काम कोणतं, ते तुम्हाला कळलंच!