छपाईचे रंग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भंडारदऱ्याच्या पावसाळी सहलीचं पत्रक, शिर्डीच्या उत्सवाची पत्रिका, शनिशिंगणापूरच्या शिळेचं चित्र असलेली दिनदर्शिका. अहिल्यानगर जिल्ह्यात अशी कामं निघतच असतात. रंग बिघडला की खापर छापखान्यावर फुटतं. पुष्कळदा चूक मात्र त्याआधीच, संगणकावरच्या कलर सेटिंगमध्ये झालेली असते.

गैरसमज : पडद्यावर दिसतं तसंच छापून येतं.
वस्तुस्थिती : पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग घडवतो (आरजीबी). ऑफसेट यंत्र सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी शाई वापरतं (सीएमवायके). भंडारदऱ्याच्या कोवळ्या गवताचा झळझळीत हिरवा या शाईंच्या आवाक्याबाहेर असू शकतो. फोटोशॉपच्या 'व्ह्यू' मेनूतलं 'गॅमट वॉर्निंग' सुरू केलं की असे भाग करडे दिसतात.

गैरसमज : फाइल सीएमवायके केली की झालं.
वस्तुस्थिती : सीएमवायके एकच नसतं; कागद आणि यंत्रानुसार त्याचं प्रोफाइल, म्हणजे रंगांचं ठरलेलं वर्णन, बदलतं. 'यू.एस. वेब कोटेड स्वॉप' हे प्रोफाइल अमेरिकी वेब ऑफसेटसाठी, म्हणजे रिळाच्या कागदावरच्या छपाईसाठी, आहे. त्यात चारही शाईंची बेरीज साधारण 300 टक्क्यांपर्यंत जाते. आर्ट पेपरसाठीच्या 'फोग्रा३९'मध्ये ती 330च्या आसपास असते. वृत्तपत्राचा कागद 240हून जास्त शाई सहसा पेलत नाही. म्हणून कागद आणि यंत्र ठरल्यावरच प्रोफाइल निवडावं.

गैरसमज : प्रोफाइल 'असाइन' करणं आणि 'कन्व्हर्ट' करणं सारखंच.
वस्तुस्थिती : 'असाइन'मध्ये आकडे तेच राहतात, दिसणं बदलतं. 'कन्व्हर्ट'मध्ये दिसणं शक्यतो टिकवून आकडे बदलतात. छपाईसाठी रूपांतर करताना 'कन्व्हर्ट'च वापरायचं.

गैरसमज : चारही शाई 100 टक्के दिल्या की शिंगणापूरची शिळा खरी काळी उतरेल.
वस्तुस्थिती : बेरीज 400 टक्के होते. शाई नीट वाळत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागते. मोठ्या काळ्या भागासाठी काळा 100, सायन 60, मॅजेंटा 40, पिवळा 40 असं मिश्रण पुरतं. बारीक अक्षरांना मात्र फक्त काळा 100 द्यावा; नाहीतर प्लेट किंचित हलली तरी अक्षरांच्या कडा रंगीत दिसतात.

गैरसमज : पांढऱ्याला सेटिंगची गरज नाही.
वस्तुस्थिती : शिर्डीच्या समाधी मंदिरातली साईबाबांची मूर्ती शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी संगमरवरात घडवली, ती 1954मध्ये बसवली गेली. त्या संगमरवराचा उजेड कागदाच्या पांढरेपणातून येतो, तर घडण हलक्या करड्या छटांतून. करडा रंग निर्मळ हवा असेल तर सायन थोडा जास्त लागतो, उदाहरणार्थ सायन 25, मॅजेंटा 19, पिवळा 19. तिन्ही समान दिले तर मूर्तीवर तांबूस झाक येते.

सीएमवायके करताना गमावलेले रंग पुन्हा आरजीबी केल्याने परत येत नाहीत, म्हणून मूळ आरजीबी फाइल जपून ठेवा. काम सुरू करण्याआधी छापखान्याकडून प्रोफाइल आणि शाईची मर्यादा विचारून घ्या आणि छापील प्रूफ 5000 केल्विनच्या उजेडात तपासूनच मंजुरी द्या.