बियाचा कोसा

कार्तिक लागला आहे. गोंडपिपरीकडच्या बांध्यांमध्ये धानकापणी ऐन भरात आहे, त्यामुळे आया भल्या सकाळीच पोरांना अंगणवाडीत सोडून गेल्या आहेत. बाई सतरंजीवर बसतात आणि पिशवीतून एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक काढतात. एरिक कार्लचं, खादाड अळीचं. अक्षरं इंग्रजी आहेत. बाई त्यांच्या वाटेलाच जात नाहीत. चित्रावर बोट ठेवून आपल्या बोलीत सांगत सुटतात.

अळीनं सोमवारी सफरचंद खाल्लं, आणि पानाला खरोखरचं भोक! एक बोट त्यात शिरतं. मग दुसरं, तिसरं, रेटारेटी. अशी भोकं पाडून कमी-जास्त रुंदीची पानं बांधणारा परवडण्याजोगा छापखाना १९६९ साली अमेरिकेत मिळेना, म्हणून हे पुस्तक जपानात छापून घेतलं होतं. एवढा खटाटोप कशासाठी, ते इथं सतरंजीवर दिसतं आहे.

नाशपातीचा पेरू होतो, आलुबुखारांची जांभळं होतात, स्ट्रॉबेऱ्यांना सगळे एकमुखानं ‘भेदरं’, म्हणजे टोमॅटो, म्हणतात. संत्र्यांपाशी मात्र कुणाचं काही अडत नाही. चीजच्या तुकड्याला मुळातच भोकं आहेत, तीही अळीच्याच खात्यावर जमा होतात. बाई कुणालाच दुरुस्त करत नाहीत. करूही नये.

पान उलटायच्या आधीच मागून आवाज येतो, “आता थे कोसा करते.” बोलणारा पहिलीतला, धाकट्या बहिणीला सोडायला येऊन इथंच रेंगाळलेला. त्याचा मामा आरमोरीकडे टसरचा कोसा पिकवतो. ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडायच्या आणि पाखरांनी त्या टिपू नयेत म्हणून दिवसभर राखण करायची, असं ते काम. ते यानं पाहिलेलं आहे.

कार्लनं अळीला कोशात घातलं आणि त्यातून फुलपाखरू काढलं, यावर जाणत्यांचा आक्षेप आहे. रेशमासारख्या धाग्याचा कोश पतंगाची अळी विणते, फुलपाखराची नाही. कार्लनं ते मनावर घेतलं नाही. माझं मत कार्लच्या बाजूनं. पण या खोलीतली हरकत वेगळीच निघते.

“बाई, याले उकडत नाईत का?”

बाईंचा हात पानावर थबकतो. आतलं पाखरू बाहेर पडलं की धागा सलग राहत नाही, म्हणून कोसा त्याआधीच उकडतात. फक्त पुढच्या पिकासाठी राखलेल्या कोशांतूनच पाखरं निघतात. चार वर्षांच्या पोरांसमोर हे कसं सांगायचं? बाई माझ्याकडे बघतात. मला तरी काय सुचणार! तेवढ्यात त्याचा तोच तोडगा काढतो.

“हा बियाचा असन. बियाचा कोसा उकडत नाई.”

अळी वाचते. कार्लला हे सुचण्याचं कारण नव्हतं.

बाई पान उलटतात. दोन्ही पानं व्यापून रंगांचे पंख पसरतात. कार्ल पातळ कागद आधी स्वतः रंगवायचा आणि मग कातरून चिकटवायचा, ते कुंचल्याचे फराटे पंखांवर स्पष्ट दिसतात. पहिलीतला पुढे सरकून बारकाईनं बघतो.

“कोशाचं पाखरू असं रंगीत नसते,” तो बाईंना बजावतो.

लहानग्यांना त्याचं काय! चौघं-पाचजण पुस्तकावर पालथे पडले आहेत आणि कोणता पंख कोणाचा, यावरून हाणामारी सुरू झाली आहे.